आधी ग्रंथी की आधी हाडं?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने ग्रंथींवर कशाला बोलावं, असं तुम्हाला वाटलं असेल. पण कार्यकारणभाव शिकवताना आम्हाला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

गळ्यात अवटू, म्हणजे थायरॉईडच्या मागे बहुधा चार छोट्या परावटू ग्रंथी असतात. त्या प्रथम नजरेला आल्या त्या भारतीय एकशिंगी गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा 1849 साली मेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं. आपल्या ठाण्याला तेव्हा आगगाडीही आली नव्हती. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन 1880 मध्ये इवार सँडस्ट्रॉम या स्वीडिश विद्यार्थ्याने केलं. त्यांचं काम काय, हे मात्र ठाऊक नव्हतं.

पुढे हाडं झिजून मेलेल्या माणसांत या ग्रंथी वाढलेल्या दिसू लागल्या. व्हिएन्नाचे याकोब एर्डहाइम म्हणाले, हाडं बिघडतात म्हणून भरपाईसाठी ग्रंथी वाढतात. तर्क चोख वाटतो, नाही का? त्याच शहरात एका ट्राम कंडक्टरची हाडं इतकी ठिसूळ झाली की मांडीचं हाड मोडलं. फेलिक्स मांडल या शल्यविशारदांनी तो तर्क धरून त्याला ग्रंथीचा अर्क दिला, दुसऱ्याच्या ग्रंथींचं रोपणही केलं. गुण येईना. शेवटी 1925 मध्ये त्यांनी बरोब्बर उलटं केलं. गळा उघडून वाढलेली ग्रंथीच काढून टाकली. वेदना गेल्या, माणूस चालू लागला. काही वर्षांनी दुखणं परतलं, पण मुद्दा सिद्ध झाला होता.

ग्रंथीच हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत होती. ते लघवीत उतरलं की मूतखडे. रक्तात साठलं की तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, थकवा, उदासी.

पश्चिमेत 1970च्या दशकापासून रक्तातलं कॅल्शियम सरसकट तपासू लागले, त्यामुळे तिथे बहुतेकांना काही जाणवायच्या आतच हा आजार सापडतो. आपल्याकडे अजून बरेच रुग्ण हाडं दुखल्यावर, नाहीतर खडे झाल्यावर कळतात. डोंबिवलीत कंबर धरली की आपण लोकलच्या गर्दीला दोष देतो, खडा झाला की पाण्याला, उदास वाटलं की वयाला. तीन तक्रारी, तीन दवाखाने! वर हाडं दुखतात म्हणून मेडिकलमधून स्वतःच कॅल्शियमच्या गोळ्या आणायच्या. बघा, पुन्हा तीच गफलत.

प्रत्येक कंबरदुखी म्हणजे हा आजार नव्हे. पण हाडं आणि खडे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले, तर रक्तातलं कॅल्शियम तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.