एलायझा आणि एझ्राकाका

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला माझा रूममेट महिनाभर लेक्चरला गेला नाही. रात्ररात्र छताकडे बघत पडून राहायचा. कॉलेजात समुपदेशक होते, पण त्यांची खोली नेमकी कॅन्टीनसमोर! "जाताना कोणी बघितलं तर?" म्हणाला, आणि गेलाच नाही. वर्ष बुडालं. मी आपला "अरे, होईल सगळं ठीक" एवढंच म्हणत राहिलो.

परवा ऑफिसात चॅटबॉटचं काम करताना तो आठवला आणि जुना इतिहास उकरत बसलो.

१९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा प्रोग्रॅम जगासमोर मांडला. नाव 'पिग्मॅलियन'च्या नायिकेचं, म्हणजे आपल्या 'ती फुलराणी'तल्या मंजुळेची थोरली बहीण! काम मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल. तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बस्स. समजत काहीच नव्हतं. तरी त्याच्याशी बोलताना वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! ते हादरले. १९७६ मध्ये यंत्राच्या मर्यादांवर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं.

दुसरी गोष्ट १९८६ ची, कॉर्नेल विद्यापीठातली. वेब अजून जन्मायची होती. तिथल्या मानसोपचार विभागातले जेरी फाइस्ट आणि कॉम्प्युटरवाले स्टीव्ह वोरोना यांनी 'डिअर अंकल एझ्रा' सुरू केलं. एझ्रा कॉर्नेल हे विद्यापीठाचे संस्थापक, १८७४ सालीच वारलेले! विद्यार्थ्याने टर्मिनलवर निनावी प्रश्न टाकायचा, 'काकां'नी उत्तर द्यायचं, आणि ते सगळ्यांना वाचता यायचं. म्हणजे एकाने विचारलं की तेच दुखणं घेऊन फिरणाऱ्या इतरांनाही आपण एकटे नाही हे कळायचं. ही काही पूर्ण थेरपी नव्हे, पण पहिली पायरी नक्कीच.

दोन्हीकडे नाव न विचारणारा पडदा होता. फरक एवढाच, की एझ्राकाकांच्या पडद्यामागे कोणीतरी खरोखर वाचत होतं.

आपल्याकडे २०१२ मध्ये मुंबईच्या 'टिस'ने 'आयकॉल' सुरू केलं, तिथे फोनबरोबर ईमेलवरही समुपदेशक बोलतात. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' आहे, नंबर १४४१६.

काल मित्राला फोन केला. आता मजेत आहे. विचारलं, "तेव्हा असं काही असतं तर लिहिलं असतंस?"

"नाव विचारलं नसतं, तर पहिल्याच आठवड्यात," म्हणाला.

असो. तो नंबर तेवढा सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नाही, तर रूममेटसाठी.