कंबरदुखी : नावे आणि चित्रे

कंबरदुखीचा इतिहास हा तिच्या नावांचाही इतिहास होय. ‘उसण भरली’ या जुन्या प्रयोगात वेदनेचा अनुभव बोलतो. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आहे’ या नव्या प्रयोगांत शरीराचे चित्र बोलते. हा पालट कसा घडला?

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एकंदर २१० संधी मोजले असून त्यांपैकी २४ पृष्ठवंशात सांगितले आहेत. पृष्ठवंशातील संधींना ‘प्रतर’, तर कटीकपालांतील संधींना ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवणीसारखे, म्हटले आहे. ही नावे शवाच्या निरीक्षणातून आली; वेदनेचे स्थान ती सांगत नाहीत.

१८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. १९३३ मध्ये घोर्मली यांनी मणक्यांच्या मागील लहान सांध्यांवर दोष ठेवला. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकतीवर. पुढे एम.आर.आय.मुळे ती मऊ चकतीही स्पष्ट दिसू लागली. परंतु १९९४ मध्ये जेन्सन व सहकाऱ्यांनी कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्ती तपासल्या, तेव्हा ५२ टक्क्यांत किमान एक चकती फुगलेली आढळली.

तात्पर्य, चित्रात दिसणारा प्रत्येक फरक वेदनेचे कारण नव्हे. नवापूरसारख्या किनारी गावात ओझे वाहून पोट भरणाऱ्या माणसाला ‘झीज’ हा अहवालातील शब्द निकालासारखा ऐकू येतो आणि तो काम सोडावयास निघतो. वास्तविक ते केवळ वर्णन असते. वर्णन आणि निदान यांतील हे अंतर मराठीत स्पष्ट सांगणे, हे वैद्याइतकेच भाषाभ्यासकाचेही काम आहे.