फेल्टचा हत्ती आणि उलटं फिरवलेलं मशीन

गेल्या दोन भागांत आपण झबलं आणि टोपरं बेतायचं कसं ते बोललो. आज कातरी बाजूला ठेवू आणि एक जुनी गोष्ट सांगू. गोष्ट परदेशातली आहे, पण तिचं मूळ आमच्या गटाच्या ठरावाच्या वहीत आहे, म्हणून आधी वहीतलं सांगतो.

आमच्या गटात एक ताई आहेत. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत जोर नाही. हाताने मात्र इतकी बारीक टीप घालतात की मशीनची शिवण बरी का त्यांची, असा प्रश्न पडावा. बाळाची कुंची, दुपटं, लंगोट, सगळं त्या हातानेच शिवायच्या. गटाने शिवणमशीनसाठी कर्ज काढलं तेव्हा पाच जणींची नावं निघाली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. वहीत एक ओळ आहे: "पाय चालत नसल्याने मशीन देता येत नाही." खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत. त्यांची सहीसुद्धा आहे. कुणी वाईट बुद्धीने लिहिलं नव्हतं. पायमशीन पायाने चालतं, पाय नाहीत, मग मशीन कसलं, इतका सरळ हिशोब आम्ही केला.

तो हिशोब चुकला होता हे आम्हाला एका जर्मन बाईने शिकवलं. त्या वारल्या १९०९ साली.

त्यांचं नाव मार्गारेट स्टाइफ. दक्षिण जर्मनीत ब्रेंझ नदीकाठी गींगेन नावाचं छोटं गाव आहे, तिथे २४ जुलै १८४७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील बांधकामाचं काम करायचे. घरात दोन थोरल्या बहिणी, पाठचा एक भाऊ. पोरगी दीड वर्षाची असताना तिला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा दोन्ही पाय गेले होते, उजवा हातही लुळा पडला होता. तो पोलिओ होता. त्यावर लस यायला अजून शंभरावर वर्षं जायची होती, ती आली १९५५ साली. आपल्या देशाला पोलिओमुक्त म्हणून दाखला मिळाला तो २०१४ मध्ये, म्हणजे अगदी कालपरवा. आपल्या वयाच्या कितीतरी बायका गावोगावी काठी टेकत चालतात, त्याचं कारण हेच.

आईवडिलांनी डॉक्टर केले, नऊ वर्षांची असताना दूरच्या गावी नेऊन शस्त्रक्रियाही करून घेतली. उपयोग झाला नाही. पोरगी शाळेत जायची ती हातगाडीत बसून, गल्लीतली पोरं गाडी ओढत न्यायची. शाळा झाल्यावर तिने हट्ट धरला की शिवण शिकायचंच. घरच्यांना पटेना, कारण उजवा हात उचलायलाच त्रास. तरी सतराव्या वर्षापर्यंत ती शिवण शिकली. पुढे बहिणींबरोबर तिने घरातच शिवणकाम सुरू केलं.

आता त्या मशीनकडे येऊ. गींगेन गावातलं पहिलं शिवणमशीन या बहिणींच्या घरी आलं असं सांगतात. मशीनचं चाक कुठे असतं? बसणारीच्या उजव्या हाताला. आणि मार्गारेटचा उजवा हातच कमजोर. मग त्यांनी काय केलं, तर मशीनच उलटं फिरवलं. पाठीमागची बाजू आपल्याकडे घेतली, म्हणजे चाक आलं डाव्या हाताला. मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकीच्या लगेच लक्षात येईल की असं केलं की सगळंच उलट होतं, कापड सरकण्याची दिशासुद्धा. सवयीचा हात मोडून दुसरा हात घडवावा लागतो. हे वाक्य आम्ही बैठकीत वाचलं तेव्हा ताई काहीच बोलल्या नाहीत. आम्हीच एकमेकींकडे बघत बसलो.

१८७७ साली मार्गारेटबाईंनी स्वतःचं दुकान काढलं. (आता त्यांना अहोजाहो करू, तीस वर्षांच्या झाल्या.) दुकान होतं फेल्टच्या कपड्यांचं. फेल्ट म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण तोच आपल्या कामाचा भाग आहे.

आपली घोंगडी विणलेली असते. आधी सूत काढायचं, मग मागावर उभा-आडवा धागा. फेल्ट विणत नाहीत. लोकर पिंजायची, तिचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे पसरायचे, गरम साबणाचं पाणी शिंपडायचं आणि चोळायचं, दाबायचं, लाटायचं. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात. गरम पाण्यात ते उघडतात, चोळल्यावर एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. कुणी नवऱ्याचा चांगला लोकरी स्वेटर उकळत्या पाण्यात घासून धुतला असेल आणि तो पोराच्या मापाचा झाला असेल, तर तिने फेल्टच केलं होतं, फक्त तिला ते करायचं नव्हतं. काश्मीरमध्ये आणि राजस्थानात टोंकला नमदा करतात तो याच रीतीने. या कापडाची मोठी सोय अशी की ते कुठेही कापलं तरी कडेने दोरे निघत नाहीत. कड दुमडायला नको, काठ शिवायला नको. लहान बारीक वस्तूंना याच्यासारखं कापड नाही.

गींगेन गावात लोकरीच्या फेल्टचा कारखानाच होता. त्यामुळे माल दाराशी. मार्गारेटबाई फेल्टचे परकर आणि मुलांचे कोट शिवू लागल्या, मागणी वाढली तशा गावातल्या आणखी बायका हाताशी घेतल्या.

आणि मग आला हत्ती. १८७९ च्या डिसेंबरात एका बायकांच्या मासिकात त्यांना छोट्या हत्तीचा नमुना दिसला. (बायकांच्या मासिकात, बरं का. तुमच्या हातात आत्ता आहे तसल्याच. तेव्हा नमुन्याची पानं फाडून चुलीत घालू नका.) फेल्टचे तुकडे शिवून आत कोकराची लोकर ठासून त्यांनी तो केला, पण केला तो टाचण्या खोचायला, ओळखीच्या बायकांना भेट द्यायला. बायकांनी तो टाचण्यांसाठी फारसा ठेवलाच नाही. पोरांनी पळवला. तोपर्यंत मुलांना खेळायला मिळायचं ते बहुतेक लाकडाचं, पत्र्याचं, चिनी मातीचं. मऊ, कुशीत घेता येईल, पडलं तरी फुटणार नाही असं जनावर बाजारात सहज मिळत नव्हतं. त्यांचा भाऊ थैलीभर हत्ती घेऊन शेजारच्या गावच्या बाजारात गेला आणि सगळे विकून आला, अशी गोष्ट सांगतात. १८८६ साली पाच हजारांवर हत्ती विकले गेले. मग माकडं, गाढवं, घोडे, उंट, डुकरं, उंदीर, मांजरं अशी रांगच लागली. नवीन जनावर काढायचं तर पहिला नमुना त्या स्वतः शिवून बघत, तो पसंत पडला तरच पुढे. १८९३ मध्ये फेल्टच्या खेळण्यांचा कारखाना म्हणून त्यांच्या नावाने नोंदणी झाली.

पुढचं जगाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. भाच्याने, रिचर्डने, १९०२ मध्ये हातपाय हलणारं अस्वल काढलं. ते फेल्टचं नव्हतं, बोकडाच्या मऊ केसांच्या कापडाचं होतं. दुसऱ्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने तीन हजार अस्वलं मागवली. अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या लाडक्या नावावरून अशा अस्वलांना टेडी म्हणू लागले होते. आपल्या जत्रेत मिळतो तो टेडी तिथून आला. नकली माल येऊ लागला तेव्हा १९०४ पासून प्रत्येक जनावराच्या कानात धातूचं बटण ठोकायला सुरुवात झाली. १९०७ मध्ये ९,७४,००० अस्वलं झाली. तेव्हा कारखान्यात चारशे माणसं होती आणि घरी बसून शिवणारे अठराशे.

हा शेवटचा आकडा आमच्या गटाने तीनदा वाचायला लावला. कारखान्यात चारशे, घरी अठराशे. म्हणजे चार-साडेचार पट काम कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, पोर मांडीवर घेऊन चाललं होतं. कानातल्या बटणावर नाव मार्गारेटबाईंचं आणि ते रास्तही आहे. पण त्या अठराशेंमधली एकही आपल्याला नावाने माहीत नाही. आमच्यातल्या एकीने विचारलं, "आपण शहरातल्या दुकानाला झबली देतो, त्यावर चिठ्ठी कुणाची असते?" दुकानाची असते. यावर त्या दिवशी बराच वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

ज्या १९०९ साली मार्गारेटबाई न्यूमोनियाने गेल्या, त्याच साली पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केलं. तिथे बायकांना लिहिणं-वाचणं शिकवत, तसंच शिवणही शिकवत. आपल्याकडे मापं घेऊन शिवणं हा शिंप्याचा, म्हणजे पुरुषाचा धंदा. बाई शिवायची ती घरातलं, जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाचं, धावदोऱ्याने आणि फुकट. बाळाचं झबलं कधी शिंप्याकडे गेलं नाही, म्हणून त्याला कधी मजुरीही मिळाली नाही. बाईने शिवण शिकून चार पैसे मिळवावेत, ही गोष्ट रूढ व्हायला असे वर्ग लागले. सिंगर कंपनीची मशीनं त्याआधीच आपल्या देशात आली होती. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणमशीनला आपल्या टीकेतून वगळलं होतं.

आता आमचं. मार्गारेटबाईंची गोष्ट ऐकल्यावर आम्ही ताईंना विचारलं, "तुम्ही मशीन कसं चालवाल?" आधी हे विचारलंच नव्हतं, परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या म्हणाल्या, "मोटर लावा. पायाखालचं पॅडल वर टेबलावर ठेवा. मी कोपराने दाबते." इतकंच. मिस्त्रीने अर्ध्या दिवसात बसवून दिलं. पहिले आठ दिवस वेग सांभाळेना, सुया मोडल्या, एक दुपटं वाया गेलं. आता गटातली सगळ्यांत सरळ शिवण त्यांची असते आणि इतरांना त्या बोलूनही दाखवतात.

लोकरीचं काम अजून रांगतं आहे. आपल्या भागातल्या मेंढ्यांची लोकर राठ. कातरणीची मजुरीही निघत नाही म्हणून ती टाकून दिलेली आपण बघतोच. आम्ही उत्साहाने बाळासाठी तिची टोपी केली. एका सासूबाईंनी ती स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि परत दिली. बरोबरच केलं त्यांनी. अंगाला लागणारं बाळाचं काही या लोकरीचं करू नये, ते जुन्या धुतलेल्या सुती कापडाचंच बरं. मग पाळण्यावर टांगायच्या चिमण्या केल्या, मोठ्या पोरांना चेंडू केले आणि अर्थातच एक हत्ती. पहिली खेप हातात सुटून आली, कारण पाणी कोमट होतं. दुसऱ्या खेपेला हाताला सोसेल इतकं गरम घेतलं, साबण लावून अर्धा तास चोळलं, तेव्हा गोळा घट्ट झाला. घट्ट होताना आटतोही, म्हणून हवा त्यापेक्षा बराच मोठा घ्यायचा. डोळ्यांना मणी किंवा बटण लावायचं नाही. पोर ते तोडून गिळतं. काळ्या दोऱ्याने डोळा काढायचा, शेपूट आखूड ठेवायची आणि ओढून बघायची.

वहीतली ती ओळ खोडावी का, यावरही बोलणं झालं. ताई म्हणाल्या, "राहू दे, सह्या आहेत तुमच्या." तशीच आहे. तिच्याखाली नवा ठराव लिहिला आहे, मोटरच्या पैशांसकट.

पुढच्या बैठकीला ज्या लोकर आणणार आहेत त्यांनी ती घरूनच धुऊन, काटेकुसळं काढून, वाळवून आणा. मागच्या वेळेसारखी लेंड्यांसकट आणू नका.