रोगाची गति आणि रोग्याची प्रकृति

रोग किती पसरला हें पाहून रोग्याचें भवितव्य वर्तविण्याची रीत वैद्यकांत रूढ आहे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील क्यूथबर्ट ड्यूक्स यांनीं इ. स. १९३२ मध्यें गुदाशयाच्या कर्करोगाच्या पायऱ्या ठरविल्या, त्या याच दृष्टीनें. परंतु एकाच पायरीवरील दोन रोग्यांपैकीं एक जगतो व दुसरा दगावतो, याचें उत्तर या पायऱ्यांत मिळत नाहीं.

तें उत्तर अंशतः रोग्याच्या देहांत आहे. कर्करोगाचा दाहाशीं संबंध असावा, असें जर्मन पंडित विरचो यांनीं १८६३ मध्यें सुचविलें होतें. पुढें १९३० मध्यें न्यूयॉर्क येथें टिलेट व फ्रान्सिस यांस न्युमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत ‘सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन’ या द्रव्याचा शोध लागला. दाह वाढला कीं हें द्रव्य वाढतें आणि यकृतांत तयार होणारें अल्ब्युमिन घटतें. या दोहोंच्या मापांवरून ग्लासगोच्या शल्यवैद्यांनीं या शतकाच्या आरंभीं गुणांकनाची एक पद्धति बसविली. अल्ब्युमिन कमी व दाहद्रव्य अधिक असलेल्या आंतड्याच्या रोग्यांचें आयुष्य सामान्यतः कमी भरतें, असें तींत आढळून आलें. यावरून कृशता ही केवळ अन्नाच्या तुटीची खूण नव्हे, हेंही उघड झालें; दाह भूक मारतो व स्नायूही झिजवितो.

आतां आपल्या धाराशिव जिल्ह्याकडे वळूं. खेड्यांतील मृत्यूचें खरें कारण पूर्वीं क्वचितच नोंदलें जाई. १९८७ मध्यें बार्शी येथें ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तींत या जिल्ह्यांतील भूम व परांडे हे तालुकेही होते. रोगी येईल तेव्हां नोंदूं, असें न म्हणतां कार्यकर्ते गांवोगांव जाऊन रोगाचीं लक्षणें सांगत व रोग्यांचा शोध घेत. पुढें याच जिल्ह्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग झाला. एकदांच केलेल्या एच. पी. व्ही. चाचणीनें त्या रोगाचे मृत्यू सुमारें निम्म्यानें घटले, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. खेड्यांतील रोग्याचा शेवटपर्यंत मागोवा घेतां येतो, हें त्यानें सिद्ध केलें.

मोठ्या आंतड्याचा कर्करोग या भागांत पाश्चात्त्य देशांच्या मानानें विरळ आहे. पण विरळपणामुळेंच त्याची शंका उशिरा येते. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या या मुलखांत वाळलेला माणूस पाहून कोणास नवल वाटत नाहीं; ‘अंगलटच तशी’ म्हणून घरचे सोडून देतात. आम्हांस वाटतें, शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याचें वजन, आहार व हीं दोन रक्तद्रव्यें पाहणें हें औषधोपचाराइतकेंच अगत्याचें मानलें जावें. केवळ खाऊं घालून दाह शमत नाहीं हें खरें. तथापि अशक्त देहास शस्त्रक्रियेसाठीं सावरण्याचा अवधि तरी त्यामुळें हातीं येतो.