सातबाऱ्यावरून समभागावर: खेड सेझ आणि मताचा जुना प्रश्न

१/ क्रिप्टो टोकनच्या प्रकल्पाने 'सत्ता समुदायाची' अशी घोषणा केली की एकच प्रश्न विचारावा. मत माणसाला आहे की टोकनाला? हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. चाकणच्या शेजारी, खेड तालुक्यातल्या शेतकऱ्यांची त्याच्याशी गाठ पडली ती जमीन देऊन. आजचा थ्रेड त्या व्यवहाराविषयी. मात्र सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

२/ आधी टोकनाचे उदाहरण पाहू. २०१६ मध्ये इथेरियमवर 'द डाओ' नावाचा सामाईक निधी उभा राहिला. सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे ईथर लोकांनी त्यात घातले. निधी कुठे गुंतवायचा हे टोकनधारक ठरवणार होते. ज्याची टोकने अधिक, त्याचे मत अधिक वजनदार. जून महिन्यात कार्यप्रणालीतील एका त्रुटीचा फायदा घेऊन कुणीतरी सुमारे ३६ लाख ईथर बाहेर वळवले. ते परत मिळवण्यासाठी साखळीचा इतिहासच बदलावा काय, यावर पुन्हा मतदान झाले आणि तेही माणसे मोजून नव्हे, ईथर मोजून. जुलैत साखळी दुभंगली.

३/ याच्या नेमके उलट तत्त्व १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेलच्या सहकारी दुकानाने स्वीकारले होते. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. महाराष्ट्रात हे तत्त्व सर्वांत ठळकपणे दिसले ते उसाच्या फडात. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीचा प्रवरा कारखाना १९४८ मध्ये नोंदला गेला आणि १९५० मध्ये त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. भांडवलात शेतकऱ्यांचे भाग होते, सरकारचा हातभार होता आणि कर्जही होते. गाडगीळांसारखा विद्वान पुण्यातून जाऊन त्या संस्थेचे अध्यक्षपद वर्षानुवर्षे सांभाळतो, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. विश्वास बसावा म्हणून ती आवश्यक होती.

४/ १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने या तत्त्वाला कायद्याचे कुंपण घातले. कलम २७ नुसार भाग कितीही असले तरी मत एक. कलम २८ नुसार एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाच्या एक-पंचमांशाहून अधिक भाग नसावेत. कलम २९ नुसार भाग किमान वर्षभर स्वतःकडे ठेवल्याखेरीज हस्तांतरित करता येत नाही, आणि तोही सभासदालाच किंवा ज्याचा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झाला आहे त्यालाच. कलम ६७ ने लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. सट्टेबाजाला येथे करण्यासारखे काही उरत नाही. टोकनांच्या बाजारात नेमकी हीच चार कुंपणे बहुधा नसतात.

५/ कुंपण होते म्हणून शेत राखले गेले, असे मात्र नाही. मत विकत घेता येत नसेल, तर मतदारयादीच आपल्या सोयीची करून घेता येते. कुणाला सभासद करायचे, कुणाचा अर्ज वर्षानुवर्षे पडून ठेवायचा, हे ज्याच्या हाती तोच राजा. उसाच्या बिलातून 'विना परतीची ठेव' कापली जाई. कारखान्याला निधी मिळे, पण त्या पैशाचा जाब विचारणे सामान्य सभासदाला कठीण जाई.

६/ आता आपल्या पट्ट्यात येऊ. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे उद्योग चाकणपर्यंत पसरले. यातला जुना व्यवहार सरळ होता. जमीन द्या, रोख घ्या, बाजूला व्हा. पैसा संपे, जमिनीचा भाव मात्र वाढतच राही आणि ती वाढ दुसऱ्याच्या पदरात पडे. म्हणूनच परताव्याची, म्हणजे विकसित जमिनीचा काही हिस्सा मूळ मालकाला देण्याची मागणी पुढे आली.

७/ हडपसरच्या मगरपट्ट्याने वेगळी वाट काढली. सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात समभाग घेतले. येथे मत समभागालाच होते, तरीही ते चालले. माझ्या मते त्याचे श्रेय घटनेपेक्षा नात्यांना अधिक आहे. बरीच कुटुंबे मगर आडनावाची होती, नेता त्यांच्यातलाच होता आणि कंपनीच्या वर दुसरी कंपनी नव्हती.

८/ खेडला ती होती. २००५ च्या सेझ कायद्यानंतर कल्याणी समूहाची भारत फोर्ज आणि एमआयडीसी यांच्या भागीदारीतून येथे सेझ आखले गेले. निमगाव, दावडी, कनेरसर आणि शिरूर तालुक्यातले केंदूर अशा गावांतील बाराशे हेक्टरांहून अधिक जमीन त्यासाठी घेतली गेली. भरपाईतून २५ टक्के रक्कम कापून घ्यायची आणि त्या बदल्यात १५ टक्के विकसित जमीन परत द्यायची, असे ठरले. पुढे हा परतावा शेतकऱ्यांच्या खेड डेव्हलपर्स लिमिटेड, म्हणजे 'केडीएल', या कंपनीकडे वळला. शेतकऱ्यांच्या हाती आले ते त्या कंपनीचे समभाग.

९/ आता मताचा प्रवास पाहा. शेतकरी केडीएलच्या सभेत मत देणार, तेही समभागांच्या वजनाने. केडीएल मुख्य कंपनीत अल्पमतातली भागीदार. म्हणजे रस्ता कुठून जाईल किंवा कोणता भूखंड कधी विकला जाईल, यावर दावडीच्या शेतकऱ्याचा शब्द दोन उंबरठे ओलांडून पोहोचणार, आणि दुसऱ्या उंबरठ्यावर तो मोजला तरी हरणारच. तलाठी, फेरफार, सातबारा ही भाषा त्याला पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. वार्षिक सर्वसाधारण सभा, प्रतिनिधिपत्र, ताळेबंद ही भाषा त्याने भांडवल देऊन झाल्यानंतर ऐकली. तेही भांडवल त्याने खिशातून काढून दिलेले नव्हते. ते भरपाईतूनच कापले गेले होते.

१०/ त्यानंतर परताव्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने झाली. आंदोलक शेतकऱ्यांना समभागाचा भाव वाढवून नको होता, संचालक मंडळात आणखी एक खुर्चीही नको होती. कंपनीतून बाहेर पडून १५ टक्के जमीन आपापल्या नावावर करून द्या, एवढीच त्यांची मागणी होती.