रेणुकेचे मुख : पुराणकथेवर कविता लिहू पाहणाऱ्यांसाठी

पुराणकथेवर कविता लिहायची असेल तर आधी माहूरचा गड चढून या. नांदेड जिल्ह्यातल्या या ठाण्यात देवीची उभी मूर्ती नाही. आहे तो तांदळा, नुसते भव्य मुख. त्याला कुटलेल्या विड्याचा तांबूल दाखवतात.

महाभारताच्या वनपर्वात जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुराम आईचे मस्तक उडवतो. प्रसन्न झालेल्या बापाकडे तो वर मागतो, की आई उठावी आणि वधाची आठवण तिला राहू नये. माहूर हे असे सांगत नाही. इथे सहस्रार्जुनाच्या वैरात मारल्या गेलेल्या पित्याचे शव कावडीत एका बाजूला, दुसऱ्या बाजूला आई, असा परशुराम येतो. अंत्यविधी दत्तात्रेय करवतात, रेणुका सती जाते. ती पुन्हा दिसेल, पण मागे वळून पाहू नकोस, असे त्याला बजावलेले असते. पोराला धीर निघत नाही. तो वळतो तेव्हा भुईतून फक्त मुख वर आलेले असते.

यातली खरी कोणती, हा वाद आम्हा प्राध्यापकांना सोडा. आमचा उदरनिर्वाह त्यावर आहे. कवीने दोन्ही जवळ ठेवाव्यात. एकीत विसरणे हाच वर आहे. तो वर परत करणारी रेणुका आज कोणी लिहिली, तर ती कथेशी बेइमानी ठरणार नाही.

वाट जुनी आहे. नांदेडच्या शेष घराण्याशी ज्याचे नाव जोडले जाते, तो वामन पंडित सतराव्या शतकात आख्याने रचताना यमकांत असा रमला की ‘यमक्या वामन’ हे नाव चिकटले. कारागिरी थक्क करते, पण माणूस पुष्कळदा यमकाखाली दबतो. साताऱ्याहून येऊन माहूरला राहिलेल्या विष्णुदासांची रेणुका म्हणजे हट्ट करायला हक्काची आई. आणि जात्यावर सीतेचा वनवास गाणाऱ्या बायांनी तर रामाचाही मुलाहिजा ठेवला नाही. माझ्या मते नव्या कवीचे खरे गुरुकुल ते.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजातले नरहर कुरुंदकर (1932–1982) आणि ‘युगान्त’च्या इरावती कर्वे यांनी महाभारतातली माणसे माणसांसारखी वाचायला शिकवले. त्याचा एक तोटाही झाला. मराठी कवितेतला कर्ण अजून तक्रार अर्ज घेऊनच उभा असतो. त्यावर उतारा म्हणून लातूर जिल्ह्यात औशाजवळची खरोशाची लेणी पाहावीत. शिल्पकाराला कथेतला एकच क्षण मिळतो, बाकीचे तो पाहणाऱ्यावर सोपवतो.

रेणुकेच्या कथेत असा एक क्षण पडून आहे. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू या थोरल्या चौघांनाही बापाने तीच आज्ञा केली होती. ते सुन्न झाले, शब्दही बोलले नाहीत, आणि शाप मिळून पशुपक्ष्यांसारखे जड झाले. आज्ञा पाळणाऱ्या धाकट्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. नव्याने येणाऱ्याने या चौघांपासून सुरुवात करावी.