शाहीर अमर शेख : आवाजाची मजुरी

गायकाचे कौतुक कोल्हापूरला नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून येथे आणले. पुढे चित्रपटाचा धंदा ह्या गावात रुजला, तेव्हा गायकाला संस्थेचा मालक पगार देऊ लागला. दरबारच्या गायकाला राजा होता, पडद्याच्या गायकाला मालक होता. परंतु गिरणीच्या फाटकासमोर आणि उघड्या मैदानात जो गातो, त्याचा धनी कोण? शाहीर अमर शेख ह्यांचे आयुष्य आज आपल्यापुढे मांडताना हाच प्रश्न आम्ही हाताशी धरणार आहोत.

त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथला. घर गरिबीचे. गाण्याचा पहिला संस्कार आईचा, मुनेरबींचा. मोटारीवर क्लीनर म्हणून आणि गिरणीत कामगार म्हणून ते राबले. बार्शीच्या गिरणी संपात पुढे झाले, तुरुंगात गेले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात आले. म्हणजे हा माणूस आधी कामगार आणि मग शाहीर. मधल्या काळात ते आपल्या कोल्हापुरात आले होते. मास्टर विनायकांच्या चित्रपटसंस्थेत त्यांनी काम केले, आणि 'अमर शेख' हे नाव त्यांना मिळाले तेही येथेच. महाराष्ट्राने पुढे ज्या नावाचा जयजयकार केला, त्या नावाचे बारसे ह्या गावात झाले, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

शाहिरी ही पंडितांची मिरास कधीच नव्हती. पेशवाईतले होनाजी जातीचे गवळी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. दूध घालणाऱ्याने आणि हत्यारांना धार लावणाऱ्याने जी कला वाढवली, ती विसाव्या शतकात गिरणीकामगाराच्या हाती यावी हे सरळ वंशपरंपरेला धरूनच झाले.

१९४४ साली मुंबईत 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर हे त्याचे तीन खांब. अण्णा भाऊ आपल्या शेजारच्या वाळवे तालुक्यातील वाटेगावचे. ह्या तिघांनी तमाशाचे जुने अंग घेतले आणि त्यात कापडगिरणी, सावकार, टंचाई आणि संप हे नवे विषय भरले. लोकनाट्य म्हणून आज आपण जे ओळखतो, त्याच्या घडणीत ह्या पथकाचा वाटा फार मोठा आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या सरकारने ह्या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. गाणे निव्वळ करमणूक असते, तर सरकारने ही तसदी कशाला घेतली असती?

ह्याचे कारण समजून घेतले पाहिजे. १९५१ च्या शिरगणतीत देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा अठराच्या आसपास होते. पत्रक छापले तरी ते वाचणार कोण? आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेले आहे. पाळी सुटली की माणसाचे पाय घराकडे वळतात. त्याला दहा मिनिटे थांबवणे भल्या भल्या वक्त्यांना जमत नाही. डफावर थाप पडली की तो आपण होऊन थांबतो. शाहीर कडवे म्हणतो, झीलकरी सूर धरतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ध्रुपद गर्दीच उचलते. भाषण ऐकणारा माणूस घरी जाऊन विचार करतो. ध्रुपद म्हणणाऱ्याने तर चारचौघांत आपल्या तोंडाने होकार दिलेला असतो. संघटना बांधण्याचे निम्मे काम तेथेच होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ह्या कामाला सीमा राहिली नाही. १९५६ साली समिती स्थापन झाली, शंभराहून अधिक माणसे ह्या लढ्यात प्राणांस मुकली, आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीच्या पदरात भरभरून मते टाकली. ह्या साऱ्या काळात अमर शेखांचा पहाडी आवाज गावोगाव फिरत होता. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. १ मे १९६० रोजी राज्य आले. पुढाऱ्यांची नावे इतिहासात गेली; शाहिराचे नाव मात्र बहुधा 'आणि शाहिरांनीही साथ दिली' अशा अर्ध्या वाक्यात बसवले जाते. वास्तविक अमर शेख हे नुसते गळ्याचे धनी नव्हते. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आहेत, 'पहिला बळी' हे नाटक आहे, आणि 'प्रपंच' ह्या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली आहे.

येथे दूरदेशीच्या एका गायकाची आठवण होते. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात व्हिक्तोर हारा नावाचा लोकप्रिय गायक होऊन गेला. १९३२ चा जन्म, बाप शेतावर राबणारा, आणि गाणे त्यालाही आईकडूनच मिळाले. ती लग्नांत आणि मर्तिकांत गात असे. हाराने कामगारांची, खेडुतांची गाणी गिटारवर म्हटली. सप्टेंबर १९७३ मध्ये लष्कराने तेथील निवडलेले सरकार उलथवले, हाराला पकडून एका क्रीडागृहात डांबले आणि ठार मारले. त्याच क्रीडागृहाला २००३ साली त्याचे नाव देण्यात आले, आणि २०१८ साली त्या खुनाबद्दल निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. पंचेचाळीस वर्षे लागली, परंतु त्या देशाने आपल्या गायकाची बाकी मिटवण्याचा प्रयत्न तरी केला.

आमच्या शाहिरांना कोणी गोळी घातली नाही. तथापि १९६९ हे साल पाहा. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले, तेही दारिद्र्यात. २९ ऑगस्टला मोटार अपघाताने अमर शेखांना नेले. वय अवघे बावन्न. अडीच महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन आवाज बंद पडले.

मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचे अध्यासन आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण विद्यापीठाने अभ्यास करावा आणि चळवळीने विसरावे, हे शोभणारे नाही. आम्ही संघटनेची माणसे हजेरीपटावरील एकेका दिवसाच्या मजुरीसाठी मालकाशी भांडतो. मग आमच्याच सभेसाठी रात्र रात्र गळा फोडणाऱ्याचे ते काम आम्ही काम म्हणून का मोजले नाही? त्याला हार घातला, टाळ्या दिल्या, आणि त्याच्या घरची चूल कशी पेटते हे विचारायचे राहून गेले. शाहिराचा धनी कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. धनी आपण होतो, म्हणजे समोरची गर्दी. राजाने बिदागी दिली, मालकाने पगार दिला. आपण मात्र मजुरी थकवली.

ही थकबाकी अमर शेखांना आता पोचती करता येणार नाही. पण ह्या जिल्ह्यात आजही डफ घेऊन उभी राहणारी पोरे आहेत. सभा ठरवताना मंडप, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक ह्यांचा खर्च आपण आधी धरतो. त्या यादीत शाहिराची मजुरी पहिल्या ओळीत लिहावी, आणि सभा संपताच ती त्याच्या हातावर ठेवावी, एवढेच आमचे आपणांस सांगणे आहे.